तीन वाजताचं दूध

१

कल्पिताची सकाळ कापसाने सुरू व्हायची. साडेआठला शकुमावशी यायची, प्रांजलला पायांवर घेऊन मालिश करायची, आंघोळ घालायची, मग दोघी मायलेकींना ओव्याची धुरी द्यायची. सगळ्यांत शेवटी कल्पिताच्या दोन्ही कानांत कापसाचे बोळे बसवून डोक्यावरून हनुवटीखाली स्कार्फ गच्च आवळायची. "एकदा वारं शिरलं ना कानात, की चाळिशीत डोकं धरून बसशील आणि मला शिव्या घालशील," हे तिचं रोजचं वाक्य. कल्पिता एरवी ऑफिसात दहा माणसांना कामाला लावणारी बाई. पण बाळंतिणीचं कोण ऐकतं? आणि बाळंतिणीला तरी कुठे ऐकू येतं? कापूस घातला की सगळं घर शेजाऱ्यांच्या टीव्हीसारखं भिंतीपलीकडून ऐकू यायचं. सासूबाई एकदा हाक मारायच्या, उत्तर आलं नाही की सोडून द्यायच्या. घरात तशी सवयच पडली होती.

घर म्हणजे कांजूरमार्ग पूर्वेला, जुनी चाळ पाडून उभ्या राहिलेल्या बिल्डिंगचा सातवा मजला. एका टोकाला कल्पिता आणि सुयोगची खोली, दुसऱ्या टोकाला सासूबाईंची, मधे हॉल. दुपारी वारा फिरला की डंपिंग ग्राउंडचा वास घरात येतो, म्हणून बारानंतर खिडक्या बंद. कल्पिताची आई गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे स्वतःच वॉकर घेऊन चालत होती, त्यामुळे बाळंतपण सासरी झालं. सासूबाई, म्हणजे रत्नप्रभाबाई, वाईट नव्हत्या, हे आधीच सांगितलेलं बरं. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, गरम पाणी, कशात कसूर नव्हती.

बाळ बघायला येणाऱ्यांचे प्रश्नही ठरलेले. वजन किती, नाक कुणावर गेलंय, दूध पुरतं का. आईला झोप लागते का, हे विचारायला कुणाच्या बापाचं काय जाणार होतं? पण महिन्याभरात ते कुणी विचारलं नाही. कल्पिताला सलग दोन तास झोप मिळाली नव्हती. आणि झोपेचंही एक वेळ चाललं असतं. खरं दुखणं निराळं होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. प्रांजलला अंगावर घेतलं की कल्पिताला काहीच वाटायचं नाही. राग नाही, माया नाही. बँकेत टोकन घेऊन बसावं तशी ती बसून राहायची. पान्हा फुटायलाही फार वेळ लागायचा, आणि तोवर पोर ओढून ओढून दमून झोपून जायची.

बाळाच्या डॉक्टर चेतनाबाईंनी मात्र तिच्याकडे नीट पाहिलं. बाळंतिणीच्या मनःस्थितीबद्दलचा दहा प्रश्नांचा एक कागद पुढे करून म्हणाल्या, "खरं खरं लिहा हं. बऱ्याच जणींना होतं असं." कल्पिताने सगळीकडे 'नेहमीसारखंच' वर खूण केली. पोरीबद्दल काही वाटत नाही असं लिहिणारी बाई आई कसली, असं तिला वाटलं. चेतनाबाईंनी कागद पाहिला, तिच्या डोळ्यांखालचं काळं पाहिलं, आणि सुयोगला बजावलं, "हिला दुपारी दोन ते चार झोपायला द्यायचं. बाळ आजीकडे, हिच्या खोलीचं दार बंद. झोप झाली तर दूधही उतरेल आणि मनही ताळ्यावर येईल."

सल्ला चांगला होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

२

पहिले दोन दिवस ती नुसती छताकडे बघत पडली. तिसऱ्या दिवशी झोप लागली.

झोपेतच कधीतरी दार जमिनीला घासल्याचा आवाज आला. त्या दाराची ती खोडच होती. कानात कापूस असूनही तो आवाज कळायचा, कारण तो पलंगातून अंगात यायचा. मग गादी एका बाजूने खाली गेली. कुणीतरी अलगद तिच्या उजव्या कुशीत बाळ ठेवलं, गाऊनची चेन खाली केली. कल्पिताने डोळे उघडले नाहीत. आई आल्या, पोर भुकेली असेल, मला उठवायचं नाही म्हणून हळूच लावून देतायत, असं तिच्या मनात आलं आणि तिने मनातल्या मनात सासूबाईंचे आभार मानले.

आणि मग ते झालं. बाळाने तोंड लावलं, एकदा, दोनदा ओढलं, आणि पान्हा असा फुटला की पाठीपर्यंत मुंग्या आल्या. घुट, घुट, घुट. कापसामुळे बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं, पण ते गिळणं ऐकू येत होतं. कल्पिताच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. लोक ज्याच्याबद्दल बोलतात ते हेच असणार. पोटातून माया वर येत होती. या जिवासाठी आपण काहीही करू, असं तिला वाटलं, आणि ते खोटं नव्हतं.

अर्ध्या तासाने बाळ उचलून नेलं गेलं. दार घासलं. ती पुन्हा झोपली ती थेट चारला उठली.

चार वाजता सासूबाईंकडून प्रांजलला घेताना तिला वाटलं, आता हेच वाटेल. पोरीला छातीशी लावलं आणि वाट पाहिली. काही नाही. पुन्हा तेच टोकन, तीच बँक.

त्यानंतर रोज तेच. तीनच्या सुमाराला दार घासायचं, आणि कल्पिता डोळे मिटून ठेवायची. उघडले तर ते वाटणं निघून जाईल अशी तिला भीती होती. दिवसातले साडेतेवीस तास ती कसेबसे ढकलायची, त्या अर्ध्या तासासाठी. सुयोग संध्याकाळी म्हणायचा, "बघ, झोप मिळाली तर चेहरा कसा झकास दिसतो तुझा." खरंच दिसत होता.

३

पहिल्यांदा शकुमावशीच्या हाताला कळलं.

"पोर हलकी लागतेय गं," ती प्रांजलच्या मांड्या चोळताना म्हणाली. "महिना उलटला, एक वळी नाही मांडीला. दूध कमी पडतं काय?"

"नाही हो. भरपूर आहे. दुपारी तर उजवी बाजू अगदी रिकामी करते."

शकुमावशीचे हात थांबले. "उजवी?"

आणि तेव्हा कल्पितालाही जाणवलं. प्रांजल उजवीकडे पकडतच नव्हती. जन्मल्यापासून मानेचा कल एका बाजूला. उजवीकडे लावली की चिडून तोंड फिरवायची. शकुमावशीने त्यासाठी रोज मान चोळून दिली होती, चेतनाबाईंनी उशा लावून दाखवल्या होत्या, उपयोग शून्य. मग दुपारी कशी पिते? झोपेत आपलं आपल्याला कळत नसेल, आई वेगळ्या तऱ्हेने धरत असतील. कल्पिताने उत्तर शोधलं आणि त्यावर समाधान मानलं. झोप कमी असलेल्या माणसाला एवढंही पुरतं.

शनिवारी वजनकाट्यावर मात्र असं काही चाललं नाही. तीन किलो साठ ग्रॅम. आठ दिवसांत दहा ग्रॅम.

"पुढच्या शनिवारपर्यंत बघू," चेतनाबाई म्हणाल्या. "तोवर वाढ दिसली नाही तर ॲडमिट करू आणि वरचं दूध सुरू करू. त्यात घाबरण्यासारखं काही नाही."

घाबरण्यासारखं काही नाही, हे त्यांचं खरंच होतं. कितीतरी मुलं वरच्या दुधावर वाढतात. पण कल्पिताचा जीव निराळ्या कारणाने टांगणीला लागला. तिच्यात आणि या पोरीत दुधाएवढा एकच धागा होता. माया नव्हती, निदान दूध तरी होतं. ते सुटलं तर आपण पोरीच्या कोण? रिक्षात सगळा रस्ता तिने प्रांजलचं मनगट बोटांत धरून ठेवलं होतं. काळ्या मण्यांची मनगटी सैल होऊन कोपरापर्यंत सरकत होती.

४

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरात गेली. सासूबाई पेज ढवळत होत्या. कल्पिताने स्कार्फ सोडला, एका कानातला बोळा काढला.

"आई, तुम्ही दुपारी तिला कशी धरता? म्हणजे उजवीकडे कशी पिते ती? मला दाखवा ना. मी दिवसभर तशीच पाजेन."

सासूबाईंनी डाव खाली ठेवला. "मी खंय धरतंय? तूच येतंस नि घेवन जातंस."

"कुठे?"

"माझ्या खोलीत. तीन वाजले की येतंस, हात पुढे करतंस. मी पोर देतंय. मगे परत आणून देतंस." त्यांनी सुनेच्या तोंडाकडे पाहिलं. "काय झाला गो?"

"मी झोपलेली असते, आई."

"माका वाटायचा, डॉक्टरीणबायन इतक्या सांगल्यानी तरी हिका पोरीशिवाय झोप येणा नाय. बोलणार होतंय. पण कानात कापूस, तुका ऐकाक येणा नाय, म्हणान गप ऱ्हवलंय."

गॅसवरची पेज उतू गेली. दोघींनी ती जाऊ दिली. चौदा दिवस एक बाई समजत होती की दुसरी बाळ आणून देते, आणि दुसरी समजत होती की पहिली येऊन घेऊन जाते. दोघींनीही मनातल्या मनात एकमेकींचे आभार मानले होते.

"तोंड बघितलंत माझं?" कल्पिताने विचारलं.

सासूबाई आठवून बघायला लागल्या. "स्कार्फ होतो," त्या शेवटी म्हणाल्या. "हिरवो गाऊन."

सुयोगला सांगितलं तर तो हसला, पण थोडंच. "झोपेत चालतेस तू यार. आमच्या ऑफिसात एकाला होतं तसं. दमलेल्या माणसाला होतं." मग म्हणाला, "मोबाईल लावून ठेवू का खोलीत? रेकॉर्डिंग?"

"पाजताना? वेडा आहेस का?"

"बरं, आज मला बाहेर जायचंय, तू दुपारी झोपूच नकोस. उद्या मी वर्क फ्रॉम होम घेतो. हॉलमध्येच बसतो ना. तू चाललीस की धरतो तुला."

झोपेत चालणं. त्या रात्री कल्पिताने हे उत्तर उलटंसुलटं करून पाहिलं, आणि ते बसतही होतं. झोपेत उठते, हॉल ओलांडते, पोरीला आणते, पाजते, परत देते. पोरीचं वजन वाढत नाही, कारण चालण्यात झोपच होत नाही, म्हणून बाकी दिवसभर दूध कमी. सगळं बसत होतं. फक्त एक बसत नव्हतं: ज्या बाळाला ती दुपारी कुशीत घेत होती, त्याच्या मनगटाला घडी होती. बोट आत जाईल एवढी भरलेली घडी. ती तिला पाठ होती.

५

सोमवारी दोन वाजता प्रांजलला सासूबाईंच्या मांडीवर देऊन ती खोलीत आली. दोन्ही कानांतला कापूस काढून टाकला. इतक्या दिवसांनी घर मोठ्याने ऐकू आलं. पंख्याची कुरकुर, हॉलमध्ये सुयोगची बोटं लॅपटॉपवर, खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. उजव्या कुशीवर पडून तिने डोळे मिटले. झोपायचं नव्हतं. मनात ती ऑफिसातल्या माणसांची नावं एकामागून एक म्हणत राहिली.

तीनच्या सुमाराला लॅपटॉपवरची बोटं थांबली.

"अगं, उठलीस पण?" सुयोगचा आवाज. नेहमीचा, अर्धं लक्ष कामात असलेला. "कळतंय ना तुला, की झोपेत आहेस?" मग जरा वेळाने, "बरं बरं. जा. पाज."

बोटं पुन्हा चालू झाली.

कल्पिताने पलंगाची कड धरली. सुयोग, ती मी नाही. हे ओरडायचं होतं. पण खरं सांगायचं तर तिने ओरडण्याचा प्रयत्नही फारसा केला नाही. कारण दार घासलं होतं, आणि छाती भरून यायला लागली होती.

गादी खाली गेली. कुशीत बाळ आलं, चांगलं जड. त्याने तोंड लावलं आणि तिचं सगळं अंग सैल झालं. तीच माया, तीच, पायांच्या नखांपर्यंत. डोळे मिटूनच राहावं. काय बिघडणार आहे? एका बाळाला आपण हव्या आहोत. आपल्यालाही ते हवं आहे. जगात याहून साधं काही नाही.

मग अगदी जवळून, पलंगाच्या कडेवरून, दुसरं एक बाळ कुरकुरलं. दमलेलं, कोरडं. तो आवाज तिला दीड महिना ऐकून पाठ होता.

कल्पिताने डोळे उघडले.

पलंगाच्या कडेला तिच्याकडे पाठ करून एक बाई बसली होती. हिरवा गाऊन, तिच्या स्वतःच्या अंगावर होता तसाच, पण खांद्यांवरून सुटलेला, आत काही नसल्यासारखा. डोक्याला स्कार्फ. कानातला कापूस तेलाने आणि दिवसांनी काळा पडला होता. तिचा गुडघा हलत होता, वर-खाली, वर-खाली, आणि मांडीवरून दोन बारीक पाय बाहेर आलेले दिसत होते. ती प्रांजलला खेळवत होती. शेजारणीचं बाळ आपण थोडा वेळ सांभाळावं, तितक्या मनापासून. तिला घाई नव्हती. तिचं बाळ पोटभर पीत होतं, तेवढा वेळ ती बसणार होती.

कल्पिताने खाली पाहिलं. आपण पाहिलं ते काय, हे तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नाही. गाल भरलेले होते, ओठांच्या कडेला दूध होतं, आणि ते तिच्याकडे बघत होतं. इतक्या ओळखीने प्रांजलने तिच्याकडे कधीच पाहिलं नव्हतं. तिला आयुष्यात कुणी एवढं आवडलं नव्हतं.

तिने करंगळी त्याच्या तोंडाच्या कडेत घातली आणि ओढ सोडवली. दूध चादरीवर सांडलं. ते रडलं नाही, फक्त बघत राहिलं, आणि ते तर रडण्यापेक्षा वाईट होतं. तिने त्याला उशीशी ठेवलं. ती पलंगावरून उतरली, वळसा घालून समोर गेली आणि मान खाली घालून त्या मांडीवरून प्रांजलला उचललं. कुणी अडवलं नाही. गुडघा मात्र हलतच राहिला. वर तोंडाकडे कल्पिताने पाहिलं नाही.

बाहेर येऊन तिने दार ओढून घेतलं. सुयोगने मान वर केली. "काय गं, आत्ताच तर आत गेलीस." मग त्याला तिची उघडी छाती आणि चेहरा दिसला, आणि तो उठून उभा राहिला.

"बस," ती म्हणाली. "दार उघडू नकोस."

सासूबाईंच्या खोलीत भिंतीला टेकून तिने प्रांजलला जवळ घेतलं. पोर ओढायला लागली. कल्पिताला काही वाटलं नाही. दूधही येईना. ती पोरीच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली, आणि आपण काय सोडून आलो ते आठवून तिचं तोंड वाकडं झालं.

मग बंद दारापलीकडे ते रडलं.

सुयोगला ते ऐकू आलं नाही. सासूबाईंनाही नाही. कल्पिताच्या मात्र पाठीत मुंग्या आल्या आणि पान्हा फुटला, दोन्हीकडून, धो धो. प्रांजल ठसकली, सावरली, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा पोटभर प्यायली.

६

शनिवारी वजन एकशे नव्वद ग्रॅमने वाढलेलं होतं. चेतनाबाई खूश झाल्या. त्यांनी पुन्हा तो दहा प्रश्नांचा कागद दिला, आणि या वेळी कल्पिताने खरं लिहिलं, लिहिण्यासारखं होतं तेवढं. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना विचारून गोळ्या सुरू केल्या, दर आठवड्याला बोलायला यायला सांगितलं, आणि तिचा हात धरून म्हणाल्या, "प्रेम वाटायला वेळ लागतो कधी कधी. तोवर तुम्ही करताय ते कमी नाहीये." कल्पिता त्यांच्यासमोर खूप रडली. बरंही वाटलं.

आता ती सासूबाईंच्या खोलीतच झोपते. त्या तिला आणि पोरीला भिंतीकडे घालून स्वतः दाराशी आडव्या होतात. तीन वाजता हात पुढे करून कुणी येत नाही. सुयोग त्या खोलीत एकटा झोपतो, चांगला घोरतो. दुपारी मात्र ती बंद असते. रोज तीनला दाराआड ते रडतं, कल्पिता प्रांजलला अंगावर घेते, आणि दूध येतं. दिवसातलं एकच पाजणं असं, पण त्यावर पोर धरली. मांडीला वळी आली. शकुमावशी स्वतःच्या हाताची तारीफ करत सुटली.

आणि रोज ते रडणं थोडं बारीक होत गेलं. ते उपाशी आहे, हे आईला सांगावं लागत नाही. कल्पिता डोळे घट्ट मिटून बसायची आणि प्रांजलच्या नावाने स्वतःला धरून ठेवायची. एकदा तिने विचार केला, दोघांना पाजलं तर? मग तिला मनगटाची ती भरलेली घडी आठवली, आणि तीन किलो साठ आठवले.

तिसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी तीन वाजून गेले आणि आवाज आला नाही. सव्वातीन झाले. प्रांजल कोरडीच ओढत होती, मग चिडून पाय झाडायला लागली. सासूबाईंचा डोळा लागला होता. कल्पिता त्यांना ओलांडून उठली, पोरीला तशीच छातीशी धरून हॉलमधून गेली आणि बंद दारापाशी उभी राहिली. आत काही हालचाल नव्हती. तिने कपाळ दाराला टेकवलं.

"रड ना," ती हळूच म्हणाली. "रड ना रे, माझ्या राजा. एकदाच."

बराच वेळ काही नाही. मग आतून, दारापासून अगदी जवळून, त्याने तिचं ऐकलं.